नऊ बोटं पाणी

"मावशी, बावीस बोटं!"

रोज सकाळी माझ्या हौदात काठी बुडवून तो असा ओरडायचा. मग ओली काठी खिळ्याला टांगून कामाला जायचा. कडुलिंबाची सरळ फांदी सोलून, बोटाबोटावर खाचा पाडून ती काठी त्यानंच केली होती. मी सांगितलं नव्हतं.

अंबाजोगाईच्या टोकाला, डोंगराच्या अंगाला माझं घर आहे. मागची खोली मी त्याला भाड्यानं दिली होती. तो दूध सोसायटीत फॅट काढायचा, म्हणजे नळीत दूध घालून ते किती कसदार ते मोजायचा. तुम्ही कधी दूध घालायला रांगेत उभे राहिला असाल, तर अशी माणसं तुम्हाला माहीत असतील. ती तुमच्या तोंडाकडं बघत नाहीत, नळीकडं बघतात. माझा चहा प्यायला तरी म्हणायचा, "मावशी, ह्यात पाणी लई झालंय."

"फुकटच्या चहाची फॅट काढू नको," मी म्हणायची. त्याची बायको आतून हसायची.

बायको पोटुशी होती. आधीची दोन लेकरं पोटातच गेलेली. त्याचं गाव घाटाखाली. डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, या वेळी दवाखान्याजवळच राहा, गाडीचे हादरे नकोत. खोली बघायला आला तेव्हा त्यानं पंखा बघितला नाही, दाराची कडी बघितली नाही. मोठ्या दवाखान्यापर्यंत पावलं मोजत जाऊन आला आणि म्हणाला, "घेतली."

त्या साली पाऊस झालाच नाही. जनावरं छावणीला गेली, सोसायटीत दुधाचे कॅन कमी झाले, नळाला पंधरा दिवसांनी पाणी यायला लागलं. मी घागरी ठरवून दिल्या. मला दोन, त्यांना तीन. एवढ्या उपशाला हौद रोज दोन बोटं उतरायला हवा होता. उतरायचा चार.

"माप खोटं बोलत न्हाई, मावशी," हे त्याचं नेहमीचं वाक्य. एके दिवशी मी तेच त्याच्या तोंडावर फेकलं.

"मग वरची दोन बोटं कोण पितंय?"

"हौद गळत आसंल. बगू का मी?"

"माझ्या मालकानं बांधलाय तो. त्ये असताना कधी गळला न्हाई. चोरायचं आन् वर हौदाला नाव ठेवायचं?"

"रोज माप मीच सांगतो की तुमाला. चोर माप सांगंल का?"

बरोबर होतं त्याचं. मला तेव्हा ते चोराचं शहाणपण वाटलं. मी म्हटलं, खोली रिकामी कर.

"दीड महिना थांबा, मावशी. तिच्यासाठी तरी."

"पाणी थांबत न्हाई," मी म्हणाले.

आठवा महिना लागलाय, हे मला माहीत होतं.

दोन दिवस तो खोली शोधत हिंडला. पाण्यापायी कुणी भाडेकरू ठेवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी गावाकडं जायला जीप आणली. निघताना त्याची बायको माझ्या पाया पडायला आली. पोटामुळं तिला वाकता आलं नाही. लोखंडी खाट जीपमध्ये मावली नाही, ती राहिली.

दुसऱ्या दिवशी मी काठी बुडवली. माझ्या एकटीच्या दोन घागरींना एक बोटही उतरायला नको होतं. तीन उतरली होती.

हौदाच्या मागं भिंतीलगत हिरवंगार गवत होतं. सगळ्या गल्लीत हिरवी काडी नव्हती. शेजारणीची शेळी रोज तिथं चरायला यायची आणि मी रोज तिला हाकलायची. अशा दुष्काळात हे गवत कशावर जगतंय, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही. चौथी शिकलेली मी. शेळी शाळेत गेली नव्हती, पण तिला कळत होतं.

दुधाच्या गाडीवाल्याजवळ मी निरोप धाडला, परत या. पंधरा दिवसांनी तो एकटाच आला. खाट न्यायला.

"निरोप पोचला न्हाई का?"

"पोचला. पण आदल्या दिशीच झालं. दवाखान्यात आणताना, घाटात, गाडीतच. मुलगी व्हती."

"बायको?"

"हाय. बोलत न्हाई."

मला गोल बोलता येत नाही. मी सांगून टाकलं, "हौदच गळत होता."

तो मागं जाऊन गवत बघून आला. खिळ्यावरची काठी काढली. मला वाटलं, आता मोडणार. मोडावी, असंही वाटलं. त्यानं ती पायजम्याला पुसली, हौदात बुडवली, वर काढून बघितली.

"नऊ बोटं," म्हणाला. ओरडला नाही. मावशी म्हणाला नाही. काठी जागेवर टांगली, खाट डोक्यावर घेतली आणि गेला. पुढं मी सोसायटीत गेले, तर त्याच्या जागी दुसराच माणूस नळीकडं बघत होता.

हौदाची चीर मी सिमेंटनं बुजवून घेतली. आठ दिवसांत गवत वाळलं. शेळी मात्र येत राहिली. कोरड्या भिंतीला तोंड लावायची आणि तिथंच उभी राहायची. मी तिला हाकललं नाही.