उष्टी पुस्तकं

“माझी पुस्तकं तू उष्टी केलीस.”

आठवीचा वर्ग, शनिवारचा वाचनाचा तास. सानिका हे म्हणाली आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. सानिका मधल्या सुट्टीतसुद्धा इंग्रजीच बोलायची. पण हा शब्द तिला बरोबर मराठीत सापडला.

ती नगरच्या सावेडी भागातल्या डॉक्टरांची मुलगी. मी बाइंडरची. शाळेत मोफतच्या जागेवर घेतलेली. अब्बांचं नगरात कोर्टाजवळ छोटं दुकान. पुस्तकं शिवायची, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. शाळा सुटली की मी तिथंच बसायचे.

मला सानिकाचा हेवा वाटायचा. खोटं कशाला सांगू? तिचे बूट, डबा, गाडी, ते सगळं मी सोडून दिलं असतं. पण ती वाचायची. तिच्याकडे एका जादूच्या गोष्टीचे पाचही भाग होते. ती “तिसऱ्या भागात ना...” म्हणाली की सगळा वर्ग तिच्याकडे वळायचा. मी पण वाचायचे. दुकानात यायचे ते कॉलेजचे प्रबंध आणि वकिलांची जाडजूड पुस्तकं. त्यांच्यावर कोण माझ्याशी बोलणार?

मग एक दिवस तिची आई दुकानात आली. पाची भाग वाचून वाचून खिळखिळे झालेले, पानं सुटलेली. पंधरा दिवसांनी न्यायला येते म्हणाली. मी आत कागदांच्या ढिगाआड होते. तिनं मला पाहिलं नाही.

दहा दिवसांतच मी पाची भाग वाचले. हात धुऊन, पान न दुमडता. अब्बांना सांगितलं नाही. आभाळात तरंगणारं एक शहर होतं. तिथली मुलं उडायची. शहर वाऱ्यानं वाहून जाऊ नये म्हणून खाली जमिनीवर माणसं दोर धरून उभी असायची. त्या दोरांवरून ठिबकणारं पाणी हेच त्यांचं पिण्याचं पाणी. शेवटच्या भागात नायिका सगळे दोर कापते आणि शहर मोकळं होऊन उडून जातं. गोष्ट संपली.

मी शेवटचं पान परत परत पाहिलं. खालच्यांचं काय झालं?

त्या शनिवारी मिसनी सानिकाला आवडत्या पुस्तकावर बोलायला सांगितलं. ती सुरेख बोलली. असा शेवट कुठेच वाचला नाही म्हणाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला टोचल्या. मी हात वर केला. मला तो शेवट पटला नाही, म्हटलं. दोर कापल्यावर खालच्यांना पाणी कुठून मिळालं? लेखकानं त्यांच्यातल्या एकालाही नाव दिलेलं नाही.

सानिका म्हणाली, “ते गोष्टीत महत्त्वाचे नाहीत.”

आणि मला तिला हरवायचंच होतं. वर्गासमोर. म्हणून बोलून गेले, “तूच तिसऱ्या भागात पेन्सिलनं लिहिलंयस, यांना नावं का नाहीत म्हणून.”

तिनं ते लहानपणी लिहिलेलं असणार, विसरली असणार. पुस्तकं शिवायला कुणाच्या दुकानात दिलीत ते तिला आठवलं. मग ती ते म्हणाली, उष्टी केलीस म्हणून.

संध्याकाळी तिची आई दुकानात आली. विश्वासानं दिली होती, असं दोनदा म्हणाली. अब्बा उठून उभे राहिले. बाजूच्या झेरॉक्सवाल्यासमोर, रस्त्यावरच्या लोकांसमोर त्यांनी हात जोडले. “चुकी झाली, मॅडम. पोरगी हाय. परत न्हाई व्हायचं.” दोन भाग शिवून झालेले होते, तीन उघडे. तिनं ते तसेच पिशवीत घातले. मजुरी देणं दूरच, अब्बांकडे पाहिलंही नाही.

अब्बा मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की लोक आपल्याकडे मुलांची प्रमाणपत्रं देतात, खरेदीखतं देतात, ते आपण वाचत नाही या भरवशावर. मला रात्रभर ते जोडलेले हात दिसत होते.

पुढच्या शनिवारी मिसनी मला उभं केलं. सानिकाची माफी माग आणि विषय संपव, म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांना तास सुरू करायचा होता.

मी म्हटलं, “न विचारता वाचली, ते चुकलं. त्याबद्दल मी अब्बांची माफी मागितली, तुझीही मागते. पण मी वाचल्यानं पुस्तक उष्टं होत नाही. तो शब्द तू मागे घे.”

सानिका खिडकीबाहेर बघत राहिली. मिस म्हणाल्या, खाली बस. मी बसले नाही. तास संपेपर्यंत उभी राहिले. चाळीस मिनिटं. कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं.

तिनं तो शब्द मागे घेतला नाही. शाळा संपेपर्यंत आम्ही बोललो नाही. आता ती पुण्याला शिकते. मी नगरातच कॉलेज करून दुकान बघते. तिच्याकडे भिंतभर पुस्तकं असतील, असं अजून मनात येतं आणि अजून जळतं. ते गेलेलं नाही. जाईल असं मला वाटतही नाही.

पण एक मी ठरवलं आणि अब्बांना सांगितलं. कुणाची कागदपत्रं मी उघडणार नाही. पण पुस्तक शिवायला आलं की गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणार, हे मी वाचणार हाय, चालंल का? अब्बा म्हणाले, गिऱ्हाईक तुटेल. मी म्हटलं, तुटू दे.

परवा एक साहेब ते ऐकून पुस्तकं उचलून चालते झाले. अब्बांनी त्यांना थांबवायला हात पुढं केला. मी तो हात धरला आणि खाली केला. या दुकानात आता कुणी हात जोडणार नाही.