आधी चालवून दाखव

आमचे पारखीमामा बैलाचे दात बघायचे नाहीत, पाठीवर थाप मारायचे नाहीत. आधी म्हणायचे, “चालवून दाखव.” मुरबाडकडे बैल घ्यायचा तर लोक माझ्या या मामांना सोबत नेत. मालक गुण सांगू लागला की मामा कानात बोटं घालत. “तू कशाला बोलतो? बैल बोलंल ना!” लग्नाआधी मलाही असंच चालवून बघायला हवं होतं, असं आमची बायको अजून म्हणते.

पन्नाशीत मला स्टार्टअपचं खूळ लागलं. शहापूरची नोकरी सोडून मी मोबाइलवर बैल विकणारं ॲप काढलं. मामा गोठ्यात जाऊन बैल बघत, मगच त्याच्या फोटोवर ‘मामांनी पाहिला’ असा शिक्का पडे. वर्षभरात एकोणीस बैल विकले. तोटा इतका झाला की मुंबईचा एक गुंतवणूकदार भारावून गेला.

तो मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत, बैलबाजार बघायला आला. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत; रुमालाखाली बोटं धरून सांगतात. मामांनी रिवाजाप्रमाणे रुमालाखाली हात पुढे केला. पाहुण्यानं अख्खा पंजा धरून जोरजोरात हलवला.

“अरे, यानं बैल न बघताच भाव दिला!”

“मामा, त्यांचं कामच ते आहे,” मी म्हणालो.

चहाच्या बाकावर मामांनी त्याला विचारलं, “पैसा तुमचा का?”

“नाही, लोकांनी विश्वासानं दिलेला.”

“मंग कंपनी तुमी ठेवनार?”

“चार-पाच वर्षं. मग दुसरा जास्त किमतीला घेईल.”

“आनि तो?”

“तो तिसऱ्याला विकेल.”

“म्हंजे नांगराला कुनालाच नको!”

मी मामांना बाकाखालून लाथ मारली. ती पाहुण्याला लागली.

तरी तो पैसे द्यायला तयार होता. अट एकच: राज्यभरातल्या हजारो बैलांवर मामांचा शिक्का, न बघता. मामा माझ्याकडे वळले. “तुज्या नावाचा मार रे. माजा नाय.”

पैसा गेला, ॲप गेलं. नोकरी तर मी आधीच घालवली होती. दोन महिने मी मामांशी बोललो नाही. ते मात्र दर रविवारी एसटीनं येत, माझ्याच ओट्यावर बसत आणि माझ्यादेखत बायकोला विचारत, “भाचा जेवला का गो?”

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. त्यांच्या गोठ्यातला शेवटचा बैल यंदा मीच म्हशाला नेला. एका अनोळखी शेतकऱ्यानं मामांच्या हातचं दावं ओळखलं.

“पारखीमामांचा ना? मंग बघायचं काय त्यात!” म्हणत त्यानं रुमाल झटकला आणि हात पुढे केला.

मी हात मागे घेतला. “आधी चालवून बघा.”

बैलाचे गुण सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. बैल चालू लागला.