ताईंचा दोर माझ्या हातात

गेल्या रविवारी शेलार गावामागच्या कातळावर मी माझ्या नणंदेचा दोर धरला... खांदा अजून ठणकतोय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या वंदनाताई गोडाऊनमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहेत. सुट्टीच्या दिवशी मात्र कातळ चढायला जातात. कातळ छोटासाच, जेमतेम तीन मजली बिल्डिंगएवढा. बोल्ट ठोकून त्यावर चढायच्या काही वाटा केल्यात. सगळ्यात अवघड वाटेचं नाव 'ओव्हरटाइम'. अख्खा हिवाळा ताई तिच्याशी झगडत होत्या.

चढणारा वर जाताना एकेका बोल्टला दोर अडकवत जातो. दुसरं टोक खाली कुणीतरी कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, अडकवून धरतं, आणि तो पडला की थांबवतं. लग्नानंतर मीही हे शिकले, बाकीच्यांना धरलंही... पण ताईंनी कधी मला धरू दिलं नाही. "तुझं वजन बघ नि माझं बघ," म्हणायच्या. वाईट वाटायचं, पण नणंदेला बोलणार काय?

त्या दिवशी त्यांचा दोर नेहमी धरणारी मैत्रीण कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. ऊन आलं की कातळ तापतो, हात टिकत नाही. त्यात पुढच्या आठवड्यापासून ताईंना रविवारीही ड्युटी.

बराच वेळ त्या वर बघत उभ्या होत्या. मग दोर माझ्या हातात दिला. "भिंतीला चिकटून उभी ऱ्हा. नजर हटवायची न्हाय."

चढताना प्रत्येक बोल्टपाशी थांबून खाली बघायच्या. "पूजा, हाय ना?" मी म्हणायचे, "आहे, ताई."

चौथ्या बोल्टच्या वर लांब हात टाकावा लागतो. खाली खडकाची पायरी बाहेर आलीय, दोर थोडा जरी ढिला राहिला तर पाय मोडलाच. ताईंनी हात टाकला... बोटं टेकली... आणि सुटली.

मी एकदम वर खेचले गेले. पाय जमिनीवरून सुटले, खांदा कातळावर आपटला. दोर मात्र नाही सुटला. वर बघितलं तर ताई पायरीच्या हातभर वर लोंबकळत होत्या.

मग वरून आवाज आला, "लागलं का गं तुला?"

"नाही, ताई!" म्हणाले. खोटंच.

त्यांना खाली सोडलं. आम्ही पाणी पीत होतो तेवढ्यात मैत्रीण धापा टाकत पोचली. "सॉरी सॉरी, दे इकडे, मी धरते," म्हणत तिने पिशवीतून आपला हार्नेस काढला. मी दोर पुढे केलाच होता...

"न्हाय," ताई म्हणाल्या. "पूजा धरतेय."

बस, एवढंच. पुन्हा वर निघाल्या. या वेळी एकदाही खाली बघितलं नाही, काही विचारलं नाही. तो लांबचा हात टाकला, बोटं टिकली... आणि माथ्यावर ठोकलेल्या शेवटच्या साखळीत दोर अडकवून अशा ओरडल्या की झाडावरचे पोपट उडाले!

घरी आल्यावर ताईंनीच खांद्याला तेल चोळून दिलं. सासूबाई विचारत होत्या, एवढं काय झालं? ताई म्हणाल्या, "मी पडले व्हते. हिनं झेलली मला."

वर चढल्या त्या, पण छाती माझी फुगलीय. भरवसा ठेवलात, ताई... हे मी जन्मभर जपेन.