माझ्या हातांचा वास

"हात दाखव."

कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारातच सर म्हणाले. मी दाखवले. दोन्ही. शाळेत नखं तपासायचे तसे पुढे धरले. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला.

"मच्छी?"

"हो सर. सकाळी बाजारात बसली होती."

"मग मागे बस. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. बटणांना वास राहतो. त्याच्यावर दुसरेही बसतात."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मीही हसले. लाज वाटली की मी आधी हसायची, तेव्हा ती सवयच होती. चपला बाहेर काढून, पाय पुसून मी आत गेले आणि भिंतीला लागून असलेल्या बाकावर बसले. देवळातसुद्धा चपलाच काढायला लावतात, हात कोणी हुंगत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही धीवर. गावचा तलाव, तलावातले रोहू, मरळ, झिंगे, आणि चामोर्शीचा आठवडी बाजार, एवढ्यावर घर चालायचं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला विद्यापीठानं अभ्यासकेंद्रात नवा विषय आणला. धडे इंटरनेटवर, प्रश्न इंटरनेटवर, उत्तरंही तिथेच. शेवटी गडचिरोलीला परीक्षा, तीही कॉम्प्युटरवर, ज्याची त्यानं द्यायची. त्यात नापास म्हणजे वर्ष गेलं. माझं वर्ष गेलं असतं तर बाबांनी लग्न लावून दिलं असतं. ते तसं बोलूनच बसले होते.

वर्गात बरीच कुरकुर होती. "लाइन राहत नाई अन् म्हणे इंटरनेटवर शिका," असं पोरं म्हणायची. पाटलांची सुषमा म्हणायची, "सर समोर नसले तं समजते काय काही?" मी एकटीच खुशीत होते. खरं सांगते, कोणाला बोलले नाही तेव्हा. मला वाटलं होतं, पडद्याच्या पलीकडे जे कोणी सर असतील त्यांना माझा वास येणार नाही. ते माझं आडनाव ऐकून खालीवर बघणार नाहीत. उत्तर बरोबर असेल तर बरोबर म्हणतील. एवढीच माझी अपेक्षा होती त्या यंत्राकडून.

यंत्राचा काही दोष नव्हता. यंत्रापर्यंत जायच्या वाटेत सर उभे होते.

केंद्राचा वर्ग नेमका बाजाराच्या दिवशी. मी राखेनं हात घासले. चिंचेनं घासले. लिंबानं घासले, तर खवल्यांनी कापलेल्या बोटांत आग पडली. वासाचा साबण आणला. दारात सर हात बघायचेच, आणि बोट मागच्या बाकाकडे करायचे. चार कॉम्प्युटर होते. त्यावर कोण बसणार ते सरच ठरवायचे, आणि दर वेळी तेच ते बसायचे. माझे प्रश्न सुषमा सोडवून द्यायची. "तू सांग, मी दाबून देते," म्हणायची. मन चांगलं होतं तिचं. पण परीक्षेत सुषमा माझ्या खुर्चीवर बसणार नव्हती.

मग मी वर्गाच्या दिवशी मासे निवडायचं सोडलं. माय एकटीच टोपलं घेऊन बाजारात बसू लागली. एकदा बाजारातून आली, मी वर्गाला निघत होते. उपाशी जाईन म्हणून तिनं भाताचा घास माझ्या तोंडाशी धरला. मी तोंड फिरवलं.

वासामुळे.

मायनं घास परत ताटात ठेवला, हात लुगड्याला पुसला. मग एवढंच म्हणाली, "मले तं येत नाई वं वास." मी वर्गाला गेले. त्या दिवशी सरांनी हात पाहिले आणि म्हणाले, "आज बरं आहे." तरी मागेच बसवलं. जागा भरल्या होत्या म्हणे. मी मागच्या बाकावर बसून मायच्या त्या हाताचा विचार करत होते, आणि स्वतःच्या कानफटात मारावंसं वाटत होतं.

परीक्षेला महिना उरला होता, तेव्हा शहरातून एक मॅडम आल्या. इंटरनेटवरच्या शिक्षणाबद्दल विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन काय, याचा त्या अभ्यास करत होत्या. छापील फॉर्म वाटले. त्या यायच्या आधीच सरांनी सांगून ठेवलं होतं, "सगळीकडे 'पूर्ण सहमत'वर खूण करा. केंद्राचं नाव आहे."

पहिलंच वाक्य होतं, 'संगणक हाताळताना मला आत्मविश्वास वाटतो.' पुढे पाच चौकटी. पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. मी पाचही पाहिल्या. माझी त्यात नव्हती. मी समासात लिहिलं, 'मला हात लावू दिला नाही.' दुसऱ्या वाक्यापुढेही तेच. तिसऱ्यापुढेही तेच.

मॅडम फिरत फिरत माझ्यापाशी आल्या. वाचलं. गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, चौकटीबाहेर लिहिलेलं मोजता येत नाही."

सर धावतच आले. फॉर्म ओढून घेतला. "नवा द्या हिला. नीट भर."

"दुसरा नाई भरत, सर."

माझाच आवाज. मला ओळखू आला नाही.

"मॅडम, मांगच्या बाकावरून जे दिसते तेच लिवलं मी. मच्छीचा वास येते म्हणून मले एकदाही बसू नाई दिलं. मले हे शिक्षण पाह्यजे. सगळ्याईपेक्षा जास्त पाह्यजे."

मॅडमनी सरांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

आमच्या तलावावर एक रीत आहे. जाळं सगळ्यांनी मिळून ओढायचं. मग पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माशांचे सारखे वाटे मांडायचे. एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठ केलेला न बघता नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा वाटा. तिथे कोणी थोरामोठ्याचा नाही.

मी उठले. चारही कॉम्प्युटरकडे पाठ केली. म्हणाले, "एकानं बोट ठेवा अन् इचारा, हा कोणाचा. मी नावं घेतो."

"हा तलाव नाही!" सर ओरडले.

"तलावावर असं होत नाई, सर."

मी वाट पाहिली. कोणी विचारलं नाही. सुषमानंही नाही.

मग मी वळले. कडेची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर जाऊन बसले. बटणांवर बोटं ठेवली. माझ्या नावाचं पहिलं अक्षर शोधून दाबलं, दुसरं शोधत होते, तेवढ्यात सरांनी भिंतीवरचं मोठं बटण खाली केलं. चारही पडदे काळे. पोरं माझ्यावर चिडली. "हिच्यापायी सगळ्याईचं गेलं," म्हणाली. सरांना कोणी काही म्हटलं नाही. मी वर्ग सुटेपर्यंत त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिले.

पुढच्या बाजाराला मायच्या शेजारी बसून मासे विकले. तिनं केलेला भात तिच्याच हातानं खाल्ला. आणि तिथून सरळ केंद्रावर गेले. राख नाही, लिंबू नाही, साबण नाही. सर दारात होते. त्यांनी काही म्हणायच्या आत मी दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर धरले.

"पाह्या सर. मच्छीच आहे."

आणि आत जाऊन पहिल्या खुर्चीवर बसले. आता दर वर्गाला बसणार. बटण बंद करा, चालू होईपर्यंत बसणार. परीक्षाही देणार. नापास व्हायचं असेल तर माझ्या बोटांच्या चुकांनी होईन, तुमच्या नाकापायी होणार नाही.