अस्लमने न दिलेली परवानगी

अस्लम गेल्याची बातमी मला शैलाकडून कळली, आणि तिथंच माझं डोकं फिरलं. सांगलीच्या स्टँडवर मी कामगार संघटनेची पत्रकं वाटत होतो. तिनं पलूसहून स्टँडशेजारच्या एसटीडी बूथवर निरोप ठेवला होता... कावीळ उतरली नाही, पहाटे गेला. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझ्या बाकावर बसलेला माणूस, आणि त्याच्या घरच्यांनी आधी कळवलं ते त्याच्या गिरणीतल्या हजेरी क्लार्कला, शैलाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मी खरं लिहितो. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

पलूसकडच्या एका सूतगिरणीत अस्लम कॉम्प्युटर सांभाळायचा. सुताचा साठा, हजेरी, पगार, सगळं एकाच सर्व्हरवर. एके वर्षी गिरणीच्या गेटवर मी घेतलेल्या सभेला आलेल्या कामगारांच्या हजेरीत खाडे दिसायला लागले. माणूस पूर्ण पाळी भरून घरी जायचा आणि पगार कापून यायचा. मी पत्रक छापायला टाकलं, पण पुरावा सर्व्हरमध्ये. अस्लमनं दुसऱ्या कॉम्प्युटरवर देखरेखीचा प्रोग्राम बसवला आणि तो सर्व्हरला जोडला. हजेरीत कोण, कधी बदल करतं ते त्यात दिसायचं. त्या प्रोग्रामला त्यानं फक्त पाहायचा हक्क ठेवला, बदलायचा नाही. आणि तो उघडायची परवानगी दिली शैलाला.

मी म्हणालो, "मला पण दे. मुख्य पासवर्डच दे, सगळा जिल्हा हलवून सोडतो."

"न्हाई गड्या."

"माझ्यावर विश्वास न्हाई?"

"तू गिरणीतला न्हाईस. आन् लय बोलतोस."

शैला हसली. "आवं, चा तरी घ्या आधी. पासवर्ड काय पळून चाललाय व्हय?"

तो चहा मी घेतला नाही.

पुढं ते दोघं नोंदी घेऊन थेट व्यवस्थापकासमोर बसले. बदल टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी खात्याच्या साहेबाच्याच नावावर होते. खाडे रद्द झाले, कापलेला पगार हातात आला, साहेबाची मुकाट्यानं बदली झाली. एक घोषणा नाही, एक पत्रक नाही. माझा गठ्ठा सुतळीसकट तसाच राहिला. कामगार अस्लमच्या गळ्यात हात टाकून गेटबाहेर यायचे आणि मला लांबून नमस्कार. अशी चोरी बंद खोलीत मिटवायची असते का? साहेबाचं नाव चारचौघांत यायला नको होतं? मी त्याला तोंडावर विचारलं.

"माणसांना पगार मिळाला," तो म्हणाला. "तुझं काय राह्यलं?"

याचं उत्तर मला आता सुचतं, तर ऐकायला तो नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला कराडला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं शैलाला जवळ ओढून घेतलं, खूप वेळ सोडलं नाही. मग माझ्याकडं बघून विचारलं, "तुमी बी गिरणीतलंच का?" एका बाकावरची चार वर्षं त्या घरात पोचलीच नव्हती.

परवा गिरणीतल्या त्याच्या कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो होतो. आता तिथं शैला बसते. म्हणाली, नव्या साहेबानं मुख्य पासवर्ड मागितला, तिनं दिला नाही. मी मान हलवली. बरोबर केलंस, असं काही माझ्या तोंडून निघालं नाही.

अस्लमची एक सवय होती. खुर्चीवरून उठायचं झालं, अगदी दोन मिनिटांसाठी, तरी तो आधी लॉगआउट करायचा. समोर मी एकटा असलो तरी. दर वेळी मला ते लागायचं.

शैला माझ्यासाठी पाणी आणायला उठली. उभ्याउभ्याच वाकून तिनं दोन कळा दाबल्या, मग गेली. पडदा काळा झाला, वर नाव आणि पासवर्ड मागणारी ओळ उघडझाप करत राहिली... खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मला ते लागलं, अगदी पूर्वीसारखंच.