मूठभर पेंड

माझा नवरा श्रीधर मंगळवारी गेला.

आज वर्तकनगरच्या घरात त्याचा एक जुना डबा उघडला आणि शेंगदाण्याच्या पेंडीचा तेलकट, खवट वास आला.

हा वास मला पहिल्यांदा कळला तेव्हा आमचं नवं लग्न होतं आणि आम्ही कल्याणजवळ राहत होतो. श्रीधर गुरांचा डॉक्टर. भात कापलेल्या शेतांत उतरलेल्या धनगरमामांनी एक अशक्त मेंढी त्याच्याकडे ठेवली होती. तो तिला सुकं गवत आणि वर मूठभर पेंड द्यायचा, एवढंच. मला तिची दया आली. तो कामावर गेल्यावर मी तिला पातेलंभर भात घातला.

संध्याकाळी तिचं पोट फुगलं होतं. श्रीधर आल्यावर मी त्याला भाताचं सांगितलं. श्रीधरने तिच्या डाव्या कुशीवर बराच वेळ हात ठेवला.

"रवंथ बंद आहे," तो म्हणाला. "अगं, हिच्या पोटात गवत पचवणारे बारीक जीव असतात. आपण आधी त्यांना जेवू घालतो. एकदम नवं अन्न आलं की ते मरतात."

सकाळी मेंढी मेली. मामा आले तेव्हा मी दाराआड उभी होते.

"माझं चुकलं, मामा," श्रीधर म्हणाला.

"जाऊ द्या, डाक्टर. आमच्याबी हातनं मरत्यात की."

मामा मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. श्रीधर मान खाली घालून उभा होता.

ही गोष्ट त्याने पुन्हा कधी काढली नाही. मीही काढली नाही. तेव्हा वाटलं होतं, त्याने मला वाचवलं. आता वाटतं, मी त्याला तिथे एकट्याला उभं केलं.

डब्यात मूठभर पेंड उरली आहे.