औताडे सरांचं भूशिर

ज्या गावात नळाला पाणी आलं तरी गल्ली हरखते, त्या संभाजीनगरात समुद्राचा एक जाणकार राहतो असं सांगितलं तर बाहेरचा माणूस हसेल. हसू द्या. छावणीतल्या एका शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवणारे बद्रीनाथ औताडे सर भूशिर या विषयातले सर्वमान्य अधिकारी होते. आणि अधिकारी व्हायला ती वस्तू पाहिलेली असावी लागते, असा नियम आपल्याकडं कुठल्याच खात्यात नाही.

सुरुवात साधीच झाली. नोकरीच्या पहिल्या वर्षी सर नववीच्या फळ्यावर ‘भूशिर म्हणजे समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक’ असं लिहीत होते. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, तुम्ही पाह्यलं का?” छप्पन्न पोरं बघत असताना नव्या मास्तरानं ‘नाही’ म्हटलं, तर वर्ग वर्षभर हाती लागत नाही. सर म्हणाले, “पाहिलं म्हणजे? कोकणात काळटोकावर उभा राहून आलोय!” काळटोक हे नाव त्यांनी तासाभरापूर्वी नकाशात वाचलं होतं.

पुढं दरवर्षी त्या थापेला नवा कोंब फुटत गेला. एका वर्षी तिथं दीपगृह आलं, दुसऱ्या वर्षी त्याचा म्हातारा रखवालदार आला, मग त्यानं सरांना पाजलेला चहा आला. दहाव्या वर्षापर्यंत सर त्या टोकावरून वाऱ्यानं उडता उडता वाचलेसुद्धा. प्रत्यक्षात समुद्र कसला तो त्यांनी पाहिलाच नव्हता. सुट्टीत कधी निवडणुकीचं काम, कधी जनगणना. शाळेची सहल म्हणाल, तर ती वेरूळला. “जगातून माणसं इथं येतात, आपण कशाला कुठं जायचं?” मुख्याध्यापक बदलत राहिले, हे वाक्य तेवढं बदललं नाही.

पण सर कामचुकार नव्हते. वेरूळच्या रस्त्याला एका डोंगराची काळी सोंड रानात उतरली आहे. दर हिवाळ्यात सर नववीला तिथं नेत, स्वतः सोंडेवर चढत आणि बाजरी काढलेल्या मोकळ्या रानात पोरांना लाटा करून उभं करत. शिट्टी वाजली की लाटा बोंबलत धावून यायच्या. “टोकावर नाही रे, बाजूच्या खोबणीत घुसा!” सर वरून ओरडत. “समुद्राचा सगळा जोर खोबणीत. भूशिर म्हणजे निवांत जागा!” खोबणीत बोरीचं झाड होतं, त्यामुळं लाटा हा नियम अगदी मनापासून पाळायच्या.

गेल्या साली सर निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल झाली, श्रीफळ झालं, आणि मग झीशाननं माईक घेतला. हा सरांचा जुना विद्यार्थी. क्रांती चौकात त्याचं ट्रॅव्हल्सचं दुकान आहे.

“सर, शाली तुम्हाला लई मिळतीन. आम्ही सगळे मिळून तुम्हाला काळटोकाला नेणार. दोन बस भरून! तिथं उभं राहून आम्हाला एक तास शिकवा. आता नाय म्हणायचं नाय.”

टाळ्यांनी पत्रे हादरले. सरांचे डोळे भरून आले, ते भीतीनं. पण समारंभात भरलेल्या डोळ्यांची चौकशी कोण करतो?

घरी वच्छलाबाईंना सगळं ठाऊक होतं. नवऱ्याच्या थापा बायकोला कळत नाहीत, असा समज फक्त नवऱ्यांचा असतो.

“पाय मुरगळला म्हणा,” त्या म्हणाल्या. “नायतर खरं सांगून मोकळं व्हा.”

“खरं सांगितलं तर बत्तीस वर्षांची इज्जत मातीत जाईल.”

“आन् तिथं जाऊन तोंडावर पडलात मंग?”

सरांनी तिसरा मार्ग धरला, पाठांतर. पंधरा दिवस मोबाइलवर काळटोकाचा नकाशा बोटांनी मोठा करकरून त्यांनी पाहिला. पायवाट किती, पायऱ्या किती, दीपगृह डाव्या हाताला की उजव्या. दीपगृह खरोखरच होतं, हे पाहून त्यांना स्वतःबद्दल जरा आदरच वाटला.

काळटोकाला पोचल्यावर झीशान म्हणाला, “सरांना पुढं जाऊ द्या, त्यांची जागा हाय.” सर एकटे चढून टोकावर गेले, आणि पाठ केलेलं सगळं विसरले.

वर तांबडा जांभा, खाली वेरूळसारखाच काळा कातळ, आणि त्यापुढं नुसतं पाणी. इतकं पाणी असतं? सरांना रडू फुटलं. लांबून सरळ येणाऱ्या लाटा जवळ आल्या की वळत होत्या आणि दोन्ही अंगांनी या टोकावरच तुटून पडत होत्या. पायाखालचा कातळ थरथरत होता. बाजूच्या खोबणीत दोन होड्या गपगार पडल्या होत्या. म्हणजे बत्तीस वर्षं उलटं शिकवलं! पण लाज वाटायलासुद्धा सरांना सवड नव्हती, इतका त्यांना आनंद झाला होता. इथंच बसावं, संध्याकाळपर्यंत पाहत राहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मागून मंडळी आली. सर वळले आणि हात जोडून म्हणाले, “पोरांनो, मी हे आज पहिल्यांदा पाहतोय. तुम्हाला थापा मारल्या मी. आणि शिकवलं तेही चुकीचं.”

झीशान खो खो हसला. “सर अजूनबी परीक्षाच घेतेत! मुद्दाम चूक सांगायची आन् कोण वळखतो ते बघायचं!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

“अरे, खरंच सांगतोय,” सर काकुळतीला आले.

“किती हा विनय!” कुणीतरी रुमाल काढला.

आदर एकदा चिकटला की घासूनही निघत नाही. माईक आला, मोबाइल रोखले गेले. “सर, तोंड इकडं करा. समुद्र मागं येऊ द्या.” सरांनी समुद्राकडं पाठ केली आणि पंचेचाळीस मिनिटं भूशिर शिकवलं. एकदा न राहवून त्यांनी मान वळवली, तर चौघं एकदम ओरडले, “सर, कॅमेऱ्यात!” तास संपतो न संपतो तोच ड्रायव्हरनं हॉर्न मारला. खानावळीत माशांची ताटं सांगून ठेवली होती.

वच्छलाबाई पहिल्या रांगेत होत्या. नवऱ्याचं एक अक्षर न ऐकता, त्याच्या खांद्यावरून त्यांनी तासभर समुद्र पाहून घेतला होता.

बस सुटली. सर त्यांच्याकडं झुकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, “मी बोलत व्हतो तव्हा... कसा दिसत व्हता गं?”